मांडवीकाठची भट्टी

गेल्या चैत्रात आम्ही जव्हार-मोखाड्याची शिक्षक मंडळी पणजीस गेलो होतो. 1843 साली पोर्तुगीजांनी जुन्या गोव्याची राजधानी इथे आणली. मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा अजून उभा आहे.

पुढे एका गावात काजूची भट्टी पाहिली. हे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले! बोंडे तुडवायची, रस आंबवायचा, मडक्यात तापवून वाफ थंड करायची. पहिली उतरते ती उर्राक. पुन्हा रसाबरोबर गाळली की फेणी. काळोख्या कोठारात काचेच्या पोटाळ बरण्या रांगेने ठेवलेल्या. मालक अभिमानाने सांगत होता, फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मोखाड्याचे एक गुरुजी हलकेच म्हणाले, "सर, आमच्या आईकडं अस्संच मडकं होतं. मोहाची फुलं आंबवायची. पोलीस आले की झुडपात लपवायची."

आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हाच. दारूची तरफदारी मी करीत नाही. तिने बुडवलेली घरे मी पाहिली आहेत. पण एकाच मडक्याला तिकडे मान, इकडे धाड, हे काही मनातून जाईना.

मालकाने पेला पुढे केला. गुरुजींनी तो घेतला नाही. मडक्याच्या तोंडाला लिंपलेली माती बोटाने चाचपून त्यांनी विचारले, "ही वारुळाची का हो?"