पाहुणी मुलगी आणि आपले पुणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकीच कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा तो मान चिटणीसबाईंनी मला दिला आणि विषयही त्यांनीच सुचवला : 'बाहेरगावच्या पाहुण्यांना पुण्यात वर्षभरात काय काय पाहायला मिळते?' विषय सोपा वाटला. कागद घेऊन बसले, महिन्यांची नावे लिहिली, पुढे सण लिहिले, आणि अर्ध्या तासात यादी पुरी झाली. मग त्या यादीकडे बघता बघता मला एक मुलगी आठवली. त्यानंतर हे भाषण लिहायला आठ दिवस लागले.

आमच्या वरच्या मजल्यावरची खोली आम्ही विद्यार्थिनींना भाड्याने देतो, हे आपणास ठाऊक आहेच. काही वर्षांपूर्वी अकोल्याकडची एक मुलगी एम. ए. करायला आली आणि दोन वर्षे राहिली. शांत, नीटनेटकी, भाडे नेहमी पाच तारखेच्या आत. जायच्या दिवशी पेढे घेऊन खाली आली, वाकून नमस्कार केला. मी सहज विचारले, "काय गं, आवडलं का पुणं?"

ती हसून म्हणाली, "आवडलं, काकू. पण मी ते खिडकीतूनच पाहिलं. अंगणात तुमचा भोंडला व्हायचा, तेव्हा मी दिवा मालवून गाणी ऐकत बसायची. आमच्याकडे भुलाबाई असते ना, तशीच वाटायची."

"मग खाली का नाही आलीस?" हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कारण उत्तर मला माहीत होते. मी तिला बोलावलेच नव्हते. अभ्यास करीत असेल, कशाला त्रास द्यावा, असे मी मनाशी म्हणत असे. खरे सांगायचे तर खिरापतीच्या वाट्या मोजताना ती माझ्या मोजणीतच नव्हती.

म्हणून आज मी यादी वाचणार आहे, पण ती या मुलीला समोर ठेवून.

पुण्याला बाहेरून लोक येतात ते मुख्यतः शिकायला, आणि ही गोष्ट आजची नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे शास्त्री-पंडित त्यासाठी पुण्यास येत. पुढे इंग्रजी अमलात, १८२१ साली, त्याच निधीतील पैशावर विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यातून डेक्कन कॉलेज उभे राहिले. शिकणाऱ्या पाहुण्याचा मान राखणारे हे गाव आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या दक्षिणेच्या रांगेत ब्राह्मण पुरुषांनाच जागा होती. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंना याच गावात काय सोसावे लागले, तेही आपण जाणतो. आज १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१४ पासून त्यांचेच नाव आहे आणि गावोगावच्या मुली तिथे शिकायला येतात. वर्गाचे दार त्यांना उघडले. घरादाराचे दार उघडणे आपल्या हाती आहे.

आता वर्ष सुरू करू ते ज्येष्ठ वद्यापासून, कारण साधारण त्याच सुमारास नव्या मुली गावात येतात. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते आणि दोन्ही पुण्यात येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. मग एक दिवे घाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरच्या वाटेने. या दिवसांत आपल्या गावाचे रूप काय पालटते! कोणी पिठले-भाकरी करून घालते, कोणी वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा शिवून देते, कोणी फुकट दाढी करते, कोणी पाय चेपते. तुम्ही कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, असे विचारीत कोणी बसत नाही. 'पुणेकर पाहुण्याला चहासुद्धा विचारीत नाही' ही थट्टा करणाऱ्यांनी त्या दिवशी नाना पेठेत येऊन पाहावे. मग वाटते, दोन दिवस जमते ते आपल्याला बाकीच्या दिवसांत का जमू नये?

श्रावणात मंगळागौरी. त्याच पावसाळ्यात कॉलेजच्या मुलामुलींची 'पुरुषोत्तम करंडक' स्पर्धा भरत नाट्य मंदिरात रंगते. १९६३ साली सुरू झालेली ही एकांकिका स्पर्धा पाहायला तिकीट काढून जावे. मुलांचा तो जल्लोष पाहून आपले गुडघे दुखायचे थांबतात.

भाद्रपदात गणपती. पाहुण्याला गणपती दाखवायचे म्हणजे विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडच्या गर्दीत ढकलायचे, अशी आपली समजूत आहे. मिरवणूक पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. सकाळी मंडईतून मानाचा पहिला कसबा गणपती निघतो. मागून तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असे क्रमाने येतात. सारी मिरवणूक संपायला दुसरा दिवस उजाडतो. पण आता काही ठिकाणी कर्ण्यांच्या भिंती अशा उभ्या राहतात की म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडावे. नवख्या मुलीला त्या रात्री एकटी सोडू नये. सकाळच्या वेळी जावे, पायी जावे, चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधी ठरवावे, आणि पाण्याची बाटली घ्यावी.

माझे मत विचाराल तर त्याहून चांगले दिवस आधीचे. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, तिथे तिला शेजारी बसवून घ्यावे. एखाद्या सकाळी गर्दीच्या आधी कसब्याचे दर्शन करवावे. आणि उत्सवाआधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशाच्या पथकांचा सराव चालतो, तो दाखवावा. कमरेला ढोल बांधलेल्या कितीतरी मुली तिथे बाहेरगावच्या असतात. पथकाने त्यांना रांगेत घेतले आणि त्या महिनाभरात पुणेकर झाल्या. आपण वर्षानुवर्षे एका जिन्याने चढतो-उतरतो, पण ओळख होत नाही.

आश्विनात नवरात्र. विद्यापीठापासून जवळच चतुःशृंगीची जत्रा भरते. पायऱ्या चढून देवीचे दर्शन, खाली पाळणे आणि खेळणी. याच दिवसांत आपला भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. खरे म्हणजे पाहुण्या मुलीसाठी याहून सोपा सण नाही. गाणे येत नसले तरी फेरात पाय आपोआप पडतात, आणि खिरापत ओळखायला पुण्याचे असावे लागत नाही. माझ्या हातून चुकले ते नेमके इथेच.

दिवाळीत बहुतेक मुली गावी जातात. ज्यांचे गाव फार लांब, त्या खोलीत राहतात. त्यांना पहिल्या आंघोळीला हाक मारावी, फराळाचे ताट द्यावे, मुलांनी केलेला मातीचा किल्ला दाखवावा.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. गुरू १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मरणार्थ हा सुरू केला. शाल पांघरून, चटईवर बसून ऐकायचे. त्याच महिन्यात कॅम्पातला नाताळ पाहावा. रमजानचा महिना दरवर्षी सरकतो. तो येईल तेव्हा मोमिनपुऱ्यातली संध्याकाळची लगबग पाहावी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन, संक्रांतीचा तिळगूळ. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे. एप्रिल-मेमध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला. तिथे तर परक्या मुलीने एकटीने जावे आणि निर्धास्तपणे पहिल्या रांगेत बसावे.

झाली माझी यादी. यातले बरेचसे कुठेही छापलेले मिळेल. "चल, आमच्याबरोबर" एवढे शब्द मात्र छापलेले मिळत नाहीत, ते कोणीतरी तोंडाने म्हणावे लागतात.

काही भगिनी म्हणतील, वर्गणी सभासदांची, मग खिरापत बाहेरच्यांना का? आठवते ना, चैत्रातल्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींना बोलवावे की नाही, यावर आपल्याकडे किती वाद झाला होता! शेवटी बोलावले. आभाळ काही कोसळले नाही; उलट त्या वर्षापासून डाळ वाटायला चार हात वाढले. तेव्हा माझी सूचना अशी : यंदाच्या भोंडल्याला प्रत्येक सभासदाने आपल्या इमारतीतली, शेजारच्या वसतिगृहातली किंवा घरच्या खोलीतली एक तरी मुलगी बरोबर आणावी. जादा खिरापतीचे पातेले माझ्याकडे लागले.

हे भाषण लिहिताना मी त्या अकोल्याच्या मुलीला फोन केला. ती आता शाळेत शिकवते. मला चुकले म्हणायचे होते, पण तिने ते म्हणूच दिले नाही. भुलाबाईचे एक गाणे म्हणून दाखवले आणि विचारले, "तुमच्याकडे याची चाल कशी आहे हो, काकू?" मी म्हणून दाखवली. दोन्ही चाली बऱ्याच जवळच्या निघाल्या.

सध्या वरच्या खोलीत दोघी आहेत, एक साताऱ्याची, एक मणिपूरची. दोघी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांना चहाला थांबवून घ्या, नावे विचारा, आणि भोंडल्याचे आमंत्रण माझ्याआधी तुम्हीच करा.