सीमारेषा आणि शेजारधर्म

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

भारताच्या भूसीमेची एकूण लांबी १५ हजार किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. त्यांपैकी सुमारे ४,०९६ किलोमीटर, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक सीमा एकट्या बांगलादेशाशी लागून आहे. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या पाच राज्यांना ती स्पर्श करते. ही सीमा बहुतांश ठिकाणी निसर्गाने आखलेली नाही. ती भातशेतांतून जाते, पात्र बदलणाऱ्या नद्यांतून जाते, काही ठिकाणी तर वस्तीला चाटून जाते. लोकांची ये-जा, देशाची सुरक्षितता आणि शेजारी राष्ट्राशी संबंध हे तीन प्रश्न शासनाच्या तीन निरनिराळ्या खात्यांचे वाटतात. या सीमेवर मात्र ते एकाच धाग्यात गुंतलेले आहेत.

रेषेचा जन्म

१९४७ च्या जुलै महिन्यात सर सिरिल रॅडक्लिफ प्रथमच भारतात आले. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांची विभागणी करण्यास त्यांना सुमारे पाच आठवडे मिळाले. त्यांचा निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन दिवसांनंतर. आपले गाव कोणत्या देशात आहे, हे स्वातंत्र्यदिनी अनेकांस निश्चित ठाऊक नव्हते.

या निवाड्याच्या कक्षेबाहेर एक विलक्षण गुंता शिल्लक राहिला. कुचबिहार संस्थान आणि मोगल अमलाखालील रंगपूर परगणा यांच्या जमिनी अठराव्या शतकापासून एकमेकांत विखुरलेल्या होत्या. बुद्धिबळाच्या पटावर राजांनी गावे पणास लावली, अशी दंतकथा त्या भागात सांगतात. परंतु खरे कारण जुन्या लढाया, तह आणि महसुली हक्क यांत आहे. १९४९ मध्ये कुचबिहार भारतात विलीन झाले, रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले होते, आणि एकेकाळच्या महसुली तुकड्यांना आंतरराष्ट्रीय सीमेचे रूप आले. त्यांना बंगालीत ‘छीटमहल’ म्हणतात. पुढे झालेल्या मोजणीनुसार बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१ तुकडे अदलाबदलीस पात्र ठरले.

कागदावरील नागरिक

१९५२ मध्ये या सीमेवर पारपत्र व प्रवेशपरवाना यांची पद्धत सुरू झाली, तेव्हा छीटमहलमधील रहिवाशांची पुरती कोंडी झाली. आपल्या देशाच्या कचेरीत पारपत्र मागण्यास जावे, तर आधी परकी भूमी ओलांडावी लागे. आणि ती ओलांडण्यासाठीच पारपत्र हवे. पोलीस येत नसत, कारण त्यांनाही तोच अडसर. विजेच्या तारा शेजारच्या गावापर्यंत येऊन थांबत. मूल शाळेत घालावयाचे तर बाहेरच्या गावातील कोणा परिचिताचे नाव वडील म्हणून लावावे लागे. प्रसूतीसाठी दवाखान्यात जाणाऱ्या स्त्रीसही असाच उसना पत्ता द्यावा लागे. २०११ च्या संयुक्त शिरगणतीत अशा जीवनात अडकलेली माणसे ५१ हजारांहून अधिक भरली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तरी ही स्थिती घातकच होती. जेथे कोणाचेच शासन पोहोचत नाही, तेथे गुन्हेगाराला आसरा मिळतो आणि तस्करीला वाट मिळते. अंमल नसलेली भूमी नकाशावर आपली असली, तरी तिच्यामुळे देशाचे बळ वाढत नाही.

करार आणि त्याची किंमत

हा गुंता सोडविण्याचा पहिला प्रयत्न १९५८ च्या नेहरू-नून कराराने झाला. भारताचा प्रदेश दुसऱ्या राष्ट्रास द्यावयाचा तर घटनादुरुस्ती आवश्यक आहे, असे मत १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणात दिले. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर १६ मे १९७४ रोजी श्रीमती इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी भूसीमा करारावर स्वाक्षऱ्या केल्या. २०११ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या ढाका भेटीत पूरक मसुदा झाला. मे २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल पूर्ण झाली.

या व्यवहारात भारताने सुमारे १७,१६० एकरांचे छीटमहल दिले आणि सुमारे ७,११० एकरांचे घेतले. दहा हजार एकरांची ही तूट का पत्करली, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. त्याचे उत्तर असे, की जी जमीन दिली तिच्यावर भारताचा अंमल प्रत्यक्षात कधी चाललाच नव्हता. तिच्या मोबदल्यात निश्चित सीमा लाभली आणि हजारो माणसांना देश मिळाला. भारतातील छीटमहलमधून बांगलादेशात जाण्यास कोणीही तयार झाले नाही. तिकडील छीटमहलमधून नऊशेहून अधिक लोक भारतात आले. बाकीच्यांनी आपली शेतीवाडी जेथे होती तेथेच राहणे पसंत केले. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत कुचबिहार जिल्ह्यातील या नव्या नागरिकांनी प्रथमच मतदान केले.

स्थलांतराची दोन रूपे

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यार्थ त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून देशभर टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावले जाई; सीमेचा भार असा दूरच्या खेड्यातील पत्रानेही उचलला. बांगलादेश स्वतंत्र होताच त्यांतील बहुसंख्य लोक परत गेले. १९८६ पासून चितगाव डोंगराळ भागातून त्रिपुरात आलेले हजारो चकमा निर्वासितही १९९७ च्या तेथील शांतता कराराच्या सुमारास परतले. मूळ देशात शांतता व सुरक्षितता नांदली की माणूस घरची वाट धरतो, असे ही दोन्ही उदाहरणे सांगतात.

परंतु सगळेच स्थलांतर असे नसते. फाळणीनंतर आलेले लक्षावधी लोक कायमचे इकडे राहिले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाखाली त्यांतील अनेकांना मध्य भारतात वसविण्यात आले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतही पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. पोटासाठी विनापरवाना होणारे स्थलांतर हा याहून निराळा प्रश्न आहे. त्यातून आसामात दीर्घ आंदोलन झाले. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात परकीयांच्या शोधासाठी २५ मार्च १९७१ ही तारीख धरण्यात आली. त्या तारखेवरून चाललेला वाद पुढेही न्यायालयांत गाजत राहिला.

कुंपण आणि बाजार

या सीमेवर तीन हजारांहून अधिक किलोमीटर कुंपण उभारले गेले आहे. १९७५ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीमेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करावयाचे नाही. त्यामुळे कुंपण बरेचसे आत आले, आणि अनेक भारतीय शेतकऱ्यांची जमीन कुंपणापलीकडे राहिली. ठरावीक वेळी फाटक उघडते, ओळखपत्र दाखवून शेतकरी शेतात जातो आणि फाटक बंद होण्यापूर्वी परततो. सीमेवरील गोळीबारात होणारे मृत्यू हाही दोन्ही देशांतील कटुतेचा विषय ठरला आहे.

उलट, जुलै २०११ मध्ये मेघालयातील कलाईचर येथे पहिला सीमा-हाट भरला. भाजीपाला, मसाले, घरगुती वस्तू यांची उघड खरेदी-विक्री दोन्ही बाजूंचे गावकरी तेथे करू लागले. ज्याला उजळ माथ्याने विकता येते, त्याला चोरवाटेने जाण्याचे कारण उरत नाही.

राजकीय वारे मात्र बदलत असतात. ऑगस्ट २०२४ मधील ढाक्यातील सत्तांतरानंतर संबंधांत ताण आला आणि २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या मालावर निर्बंध घातले. तरीही छीटमहलचा निकाल टिकून राहिला, कारण तो कोणा एका सरकारच्या मर्जीवर सोपविलेला नव्हता; त्यामागे घटनेचा आणि आंतरराष्ट्रीय कराराचा आधार होता.

मित्रहो, सीमेचे रक्षण जवान करतात. परंतु सीमेच्या आत राहणाऱ्याला नागरिक करण्याचे काम जन्मनोंदीच्या वहीत, शाळेच्या पटावर आणि शिधापत्रिकेच्या कागदावर होते. छीटमहलच्या रहिवाशांना अडुसष्ट वर्षे नेमके हेच मिळाले नव्हते. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एक नोंद राहून गेली तर माणसाचे काय होते, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. ती नोंद वेळेवर आणि बिनचूक करणे, हे गावपातळीवर करता येण्याजोगे मोठे राष्ट्रकार्य होय.