शिसे, माती आणि मुलांचे हात



अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाका आहे. तिथला काडेपेट्यांचा कारखाना आता राहिला नाही. नाव मात्र राहिले. काडेपेटीच्या कडेला जो तांबूस पट्टा असतो, त्यात फॉस्फरस असतो हे आपण शाळेत शिकतो. त्याच फॉस्फरसची एक निराळी गोष्ट आज सांगणार आहे.

मध्यंतरी माझा एक विद्यार्थी घरी आला. त्याचे वडील गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या घरामागे फोडून त्यातले शिसे विकत. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. तो त्याच मातीत खेळे. पोर चिडचिडं झालं, जेवेना, पोट दुखतं म्हणे. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा त्यात शिसे निघाले. मुलगा म्हणाला, “सर, मातीत फॉस्फरिक आम्ल ओतले की शिशाचे विष मरते, असे वाचले. एक कॅन आणू का?”

मी पडलो अर्थशास्त्राचा माणूस. त्याला घेऊन आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, “वाचलेस ते खरे, पण अर्धे.”

फॉस्फेट आणि शिसे एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचे खनिज तयार होते. ते पोटातल्या आम्लातही फारसे विरघळत नाही. म्हणून शिसे रक्तात कमी उतरते. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी शिशाच्या जुन्या भट्टीजवळच्या मातीवर १९९७ पासून हा प्रयोग झाला. मातीत आम्ल मिसळले, मग चुना घालून तिचा आंबटपणा घालवला. शरीरात शोषले जाणारे शिसे सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. ओकलंड शहरात २०११ मध्ये तर माशांच्या काट्यांची भुकटी मातीत मिसळली. काट्यांतही फॉस्फेटच!

मग कॅन का आणू नये? एक तर शिसे नाहीसे होत नाही, नुसते बांधले जाते. दुसरे, हे आम्ल कातडी भाजते. मातीत आर्सेनिक असेल तर ते सुटे होऊन पाण्यात उतरू शकते. जास्तीचे फॉस्फेट पावसाबरोबर ओढ्यात गेले की शेवाळ माजते. किती घालायचे, हे माती तपासल्यावाचून कळत नाही. हे काम जाणकारांचे. आणि बॅटऱ्या फोडणे चालूच राहिले, तर सारा खटाटोप फुकट. छप्पर गळत असता जमीन पुसत बसावे, तसे.

मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार-पाच पट शोषून घेते. याची सुरक्षित अशी मात्रा नाही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुववा. जुना रंग पोपडून पडत असेल तर तो झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. शेंदूर पोटात जाऊ देऊ नका, तोही अनेकदा शिशाचाच असतो. पालेभाज्या, नाचणी, दूध पोटात असावे. लोह व कॅल्शियम मिळाले की शिसे कमी शोषले जाते. जुनी बॅटरी नोंदणीकृत ठिकाणीच द्या. २०२२ चे नियम तेच सांगतात.

त्या घरी बॅटऱ्या फोडणे थांबले. वरची माती जाणकारांकडून काढवून तिथे फरशी घातली. पुढच्या तपासणीत पोराचा आकडा उतरला. पण शिशाने मेंदूला एकदा केलेली इजा पुरती भरून येतेच असे नाही. म्हणून माती सुधारण्याआधी ती बिघडू न देणे, हेच खरे औषध.