बोट घेण्याआधी इंजिनाचं झाकण उघडा

नागपुरात बोटीवर व्याख्यान कशाला, असं कुणालाही वाटेल. पण रामटेकजवळ खिंडसीत बोटी चालतात, कोलितमाऱ्याहून पेंचच्या पाण्यात फेरी निघते, तोतलाडोहात वनखात्याला गस्त घालावी लागते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्दच्या जलाशयातही जलपर्यटन आणायचं घाटत आहे. म्हणजे केबिनच्या मोटरबोटी आता विदर्भातही विकत घेतल्या जाणार. घेणारा सोफे पाहील, खिडक्या पाहील. माझा आग्रह असा, की आधी इंजिनापर्यंत हात पोचतो का ते पाहावं.

कोकणात बोट बंद पडली तर जवळच्या बंदरात मिस्त्री सापडतो. इथे मुंबईचा मिस्त्री बोलवायचा तर समृद्धी महामार्गाचेच ७०१ किलोमीटर. तेव्हा इंजीन सांभाळणार तो गावातलाच मुलगा, ट्रॅक्टर आणि शेतातले पंप दुरुस्त करत शिकलेला. हात त्याचा चांगला असतो. पण पाना फिरवायला जागाच नसेल तर तो काय करणार?

एकच भाग घेऊ. बोटीचं डिझेल इंजीन बाहेरचं पाणी ओढून थंड राहतं. ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक लहानसं चक्र असतं, त्याला इंपेलर म्हणतात. पाणी येणं थांबलं की ते कोरडं फिरतं, थोड्याच वेळात पाती फाटतात आणि इंजीन तापतं. आपल्याकडे हा धोका मोठा, कारण जलपर्णी. अंबाझरी तलावात ती कशी माजली होती ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा पाण्यात इंजिनाआधीची जाळी रोज काढून धुवावी लागेल. पंपाचं तोंड समोर असेल तर चार-सहा स्क्रू काढायचे, इंपेलर बदलायचा, कागदी गॅस्केट लावायचं, झालं. तोच पंप मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवला असेल, तर हे सारं आरसा धरून, चाचपडत, स्क्रू खाली पडू न देता करायचं. तेही मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना. मग जाळी उद्यावर जाते, इंपेलर पुढच्या हंगामावर, आणि एक दिवस बोट प्रवाशांसकट मध्येच थांबते.

दोन इंजिनांच्या बोटीत तर फारच सावध राहा. मधल्या जागेतून दोन्ही इंजिनं दिसतात आणि आपलं समाधान होतं. पण ती एकाच साच्याची असतील तर एकाचे फिल्टर आपल्याकडे येतात, दुसऱ्याचे बोटीच्या भिंतीला चिकटतात. ते दुसरं इंजीन पाहा. व्ही-ड्राइव्हच्या बोटीत जागा वाचवण्यासाठी इंजीन उलटं बसवलेलं असतं आणि शाफ्ट त्याच्या खालून मागे जातो. जिथून पाणी झिरपतं ती ग्लँड नेमकी इंजिनाखाली दडते. खिंडसीसारख्या ठिकाणी मला मागच्या फळीवरचं आउटबोर्डच पटतं. ते वर उचललं, कव्हर काढलं, की सगळं समोर.

पाहायला जाताना जुने कपडे घाला. ऑइलची कांडी, डिझेलचा फिल्टर, पट्टा, पाण्याचा कॉक यांना स्वतः हात लावून पाहा. इंजीन गरम असतानाही पोचता येतं का, झाकण एकट्या माणसाला उचलवतं का, हेही बघा. टेबल सरकवून गालिचा गुंडाळल्यावरच उघडणारं झाकण रोज कुणी उघडत नाही. इंजीन बाहेर काढायची वेळ आली तर छत कापावं लागेल का, हे विचारायला संकोच नको.

आणि तेलाचं पाहा. ट्रॅक्टरसारखा खालचा नट काढून बोटीत ऑइल बदलता येत नाही. बहुधा कांडीच्या नळीतून हातपंपाने ओढून काढावं लागतं. सांडलेलं तळाशी साचतं आणि तळाचा पंप सुरू झाला की तलावात जातं. पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून नागपूरच्या नळांना येतं. म्हणून इंजिनाखाली तेल झेलणारा ट्रे आहे का, आणि फडकं घेतलेला हात त्याच्या तळापर्यंत जातो का, हे किमतीचं बोलणं काढण्याआधी पाहून घ्या.