कुंपणापलीकडचा आवाज

हमरस्त्यावरच्या हॉटेलाचा दर्शनी भाग झगमगीत असतो. त्याची पाठ मात्र बहुतेक वेळा एखाद्या सोसायटीच्या बेडरूमकडे असते. एक्झॉस्टचा तेलकट पंखा, एसीची बाहेरची युनिटं, जनरेटर, ओल्या कचऱ्याचे डबे, सगळं काही तिकडेच. मध्ये डोक्याएवढी कंपाउंडची भिंत आणि अशोकाची एक रांग.

एवढ्यानं भागतं का?

केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबलची मर्यादा आहे, तर निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दोन्ही भागांच्या मर्यादांत 10 डेसिबलचा फरक आहे. एवढा आवाज उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. नकाशावर हा फरक एका रेघेत पडतो. प्रत्यक्षात तो अंतरानं, भिंतीनं किंवा झाडांनी पाडावा लागतो.

आधी झाडांचं पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या म्हणण्यानुसार 10 डेसिबल आवाज अडवायला सुमारे 200 फूट रुंदीची दाट झाडी लागते. आपल्याकडे दोन इमारतींमध्ये एवढी जागा कुठून येणार? सरळसोट अशोकाच्या दोन खोडांमधून पलीकडचा पंखा दिसत असेल, तर तो ऐकूही येणारच.

भिंतीचं काम जास्त चोख. आवाजाचं उगमस्थान आणि खिडकी यांच्यामधली सरळ नजर भिंतीनं तोडली, की सुमारे 5 डेसिबल कमी होतात. त्यापुढे उंची वाढेल तसा फायदा वाढत जातो. पण भिंत भरीव हवी. जाळी, फट किंवा उघडं फाटक राहिलं की आवाज तिथूनच शिरतो. शिवाय तळमजल्याला वाचवणारी भिंत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला उपयोगी पडत नाही.

राहिलं अंतर. नियमाप्रमाणे नेहमीच्या वापरातल्या जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून 1 मीटरवर 75 डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानानं 6 डेसिबलनं उतरतो. या हिशेबानं दिवसाची निवासी मर्यादा गाठायला 10 मीटर लागतात, रात्रीची गाठायला 30 मीटरहून जास्त. दोन इमारतींमधल्या बोळात तर आवाज भिंतींवर आपटून घुमतो, तिथे हा हिशेबही तोकडा पडतो.

मग झाडं लावूच नयेत का? जरूर लावावीत, पण त्यांच्याकडून योग्य ते काम घ्यावं. पुढे कडू मेंदीचं दाट कुंपण, त्यामागे कण्हेर किंवा जास्वंद आणि सर्वांत मागे बकुळ, अशा तीन थरांत जमिनीपासून वरपर्यंत आडोसा होतो. कचऱ्याचे डबे आणि गाड्यांचे दिवे नजरेआड होतात, पानांवर धूळ बसते, भिंतीचं तापणंही कमी होतं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत दुकान आणि वस्ती यांच्यामध्ये अशी हिरवी पट्टी आणि भरीव कुंपण बांधकामाच्या परवानगीतच सक्तीचं असतं. मालकाच्या मर्जीवर ते सोडलेलं नसतं.

आपल्याकडे आवाज मर्यादेच्या 10 डेसिबल किंवा त्याहून वर गेला, तर नागरिकाला तक्रार करता येते. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तरीही करता येते. पण तोवर जनरेटरचा चौथरा बांधून झालेला असतो, धुराडं उभं राहिलेलं असतं. ते हलवायला कोणी सहजासहजी तयार होत नाही.

म्हणून महापालिकांनी व्यापारी इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच यंत्रांची जागा, भिंतीची उंची आणि झाडांची पट्टी तपासावी. आणि आपल्या शेजारी असं बांधकाम सुरू होत असेल, तर सोसायटीनं पाया खोदण्याआधीच मालकाला लेखी विचारावं: जनरेटर कुठे बसवणार, पंख्याचं तोंड कुठे करणार, डबे कुठे ठेवणार?