इंग्रज गेला, मग त्याचा कायदा कसा राहिला?
(शिबिरात झालेल्या बोलण्याचा मजकूर)

दादांनो, बायांनो, आणि मागे उभ्या असलेल्या पोरांनो, पुढे येऊन बसा.

मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी खिशातून घडी घातलेली पावती काढली. जेठात पेरणीच्या तोंडावर त्यांच्या नेवाडातून फॉरेस्टवाल्यांनी नांगर आणि दोन कुऱ्हाडी नेल्या, त्याची ती पावती. वर छापलेलं होतं : भारतीय वन अधिनियम १९२७. बाबांनी विचारलं, "सत्तावीस साली तर इंग्रज होता ना? तो गेला. मग त्याचा कायदा कसा राहिला?" त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. वाचून सांगू म्हणालो होतो. ते आज सांगतो. येत्या २६ जानेवारीला शाळेत झेंडा लागेल, पोरांना गोळ्या मिळतील. त्याआधी हे आपल्याला माहीत पाहिजे.

घटना लिहायला जी सभा बसली ती ९ डिसेंबर १९४६ ला, दिल्लीत. त्याच्या आदल्याच वर्षी तलासरी, डहाणू, उंबरगावकडे वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला होता. त्यातल्या कुणाला विचारून दिल्लीची सभा भरली नव्हती. तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. जमीन किती, कर किती, शिक्षण किती, हे बघून मत मिळायचं. अशा मतांवर प्रांतांचे आमदार निवडून आले आणि त्या आमदारांनी घटना सभेचे सभासद निवडले. सावकाराच्या बांधावर राबणारा माणूस त्या दारापर्यंत पोचणार कसा?

तरी आपला एक माणूस तिथे होता. जयपालसिंह मुंडा. रांचीकडच्या खुंटीजवळचे. विलायतेत ऑक्सफर्डला शिकले. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या हॉकी संघाने सोन्याचं पदक आणलं, त्या संघाचे हे कप्तान. १९३९ पासून आदिवासी महासभेचे पुढारी.

नेहरूंनी सभेपुढे ध्येयाचा ठराव मांडला होता. त्यावर १९ डिसेंबरला जयपालसिंह उठले. म्हणाले, आमच्याकडे आम्हाला जंगली म्हणतात, आणि मला जंगली असल्याचा अभिमान आहे. आपल्याला कुणी जंगली म्हटलं की आपण मान खाली घालतो. हा माणूस सगळ्या बॅरिस्टर-राजेरजवाड्यांपुढे तो शब्द स्वतःच्या तोंडाने बोलला. मग म्हणाले, आदिवासींना लोकशाही शिकवायला येऊ नका, ती तुम्ही त्यांच्याकडून शिका. एवढ्या मोठ्या सभेत आम्ही फक्त सहा जण कसे, असंही विचारलं. आणि बायांनो, हे तुमच्यासाठी : या सभेत पुरुष फार झाले, बाया वाढवा, असंही ते त्याच भाषणात म्हणाले.

पुढे नावावरून वाद झाला. त्यांना घटनेत 'आदिवासी' हा शब्द पाहिजे होता. 'बनजाति' त्यांना मुळीच चालत नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं की आदिवासी हा मोघम शब्द आहे, कायद्यात त्याचा ठाम अर्थ नाही. ज्याला हक्क द्यायचा तो नक्की कोण हे कळायला हवं, म्हणून यादी पाहिजे. वकिलाच्या नजरेने बाबासाहेबांचं खोटं नव्हतं. पण यादी आली की यादीत नाव असल्याचा दाखलाही आला, आणि त्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात ते तुम्हीच सांगा.

दारूबंदीचं कलम आलं तेव्हाही जयपालसिंह विरोधात उभे राहिले. तांदळाची हंडिया आमच्या देवाधर्मात लागते, म्हणाले, आणि ती नसेल तर संथाळ भाताची लावणीही करू शकणार नाही. (हसू नका. आमच्या संघटनेचं दारूबद्दल काय म्हणणं आहे ते बायांनी आधीच ठरवलंय. इथे मुद्दा एवढाच की दिल्लीत लावणीच्या चिखलाचं बोलणारा कुणीतरी होता.)

आता मुख्य गोष्ट. घटनेच्या शेवटी पुरवण्या जोडल्यात, त्यांना अनुसूची म्हणतात. पाचवी अनुसूची आपल्या भागासाठी आहे. आपला भाग म्हणजे इंग्रजांनी १९३५ च्या कायद्यात वेगळे काढलेले मुलुख : आपल्याकडे अक्राणी, नवापूर, पेठ, मोखाडा, डहाणू, तिकडे मेळघाट, अहेरी. या मुलुखांचं काय करायचं ते ठरवायला ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखाली एक उपसमिती नेमली होती. जयपालसिंह तिच्यात होते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये घटनेचा मसुदा छापून आला. त्यातल्या पाचव्या अनुसूचीत दोन गोष्टी होत्या, नीट ऐका. एक : अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासीने आपली जमीन बिगरआदिवासीला देणं बेकायदा. सरळ बेकायदा, कुणाच्या मर्जीवर नाही. दुसरी : आदिवासींची एक सल्लागार परिषद. लग्न, वारसा, चालीरीती, जमीन, गावचा कारभार, याबद्दलचा एखादा कायदा इथे नको असं परिषदेने सांगितलं, तर राज्यपालाने तसा हुकूम काढलाच पाहिजे.

पण त्या चांगल्या मसुद्यातही एक भोक होतं. 'जमीन' या शब्दापुढेच लिहिलं होतं : राखीव जंगल सोडून. म्हणजे आपली जिथे खरी मारामारी आहे ते आधीच बाहेर.

मग ५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी नवी अनुसूची मांडली, आणि जे 'लागेल' होतं ते 'येईल' झालं. हुकूम काढावाच लागेल, याच्या जागी राज्यपालाला काढता येईल. जमीन देणं बेकायदा, याच्या जागी ते बंद करणारे नियम राज्यपालाला करता येतील. आणि परिषदेने सल्ला कशावर द्यायचा? राज्यपाल जे पुढे ठेवतील त्यावर. जयपालसिंहांनी तिथेच तक्रार केली की परिषदेची ताकदच काढून घेतली. ऐकलं गेलं नाही. अनुसूची मंजूर झाली.

आम्ही बाबासाहेबांना दोष द्यायला उभे नाही. ज्या माणसाने घटनेतून अस्पृश्यता काढली त्याचं ऋण आपल्यावरही आहे. पण एका शब्दाचं वजन काय असतं ते आपण तलाठ्याकडे बघतो. सातबाऱ्यावर वहिवाटीत नाव 'आहे' आणि 'होते' यात शेत जातं. आपल्या राज्यात आदिवासीची गेलेली जमीन परत करण्याचा कायदा झाला तो १९७४ चा. मधल्या पंचवीस वर्षांत सावकारांनी काय नेलं ते गावोगाव सगळ्यांना माहीत आहे.

आता बाबांच्या पावतीकडे येऊ. घटनेत ३७२ नंबरचं कलम आहे. त्यात लिहिलंय की आधी चालू असलेले कायदे बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत तसेच चालू राहतील. एका अर्थी बरोबरच आहे, नाहीतर २६ जानेवारी १९५० ला देशात एकही कायदा उरला नसता. पण त्याच दारातून १९२७ चा वन कायदाही आत आला आणि बसला. त्याला कुणी उठवलं नाही. बाबा, इंग्रज गेला, पण जाताना कायद्याचं गाठोडं ओट्यावर ठेवून गेला, आणि आपल्याच माणसांनी ते घरात घेतलं.

सभेत साडेसात हजारांवर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. आपल्या जंगलासाठी किती बोलले असतील ते वर सांगितलेल्या सहावरून मोजा.

तरी पाचव्या अनुसूचीत एक कलम उरलंय आणि ते आपल्या कामाचं आहे. पाचवा परिच्छेद. परिषदेला विचारून आणि राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन राज्यपाल आपल्या क्षेत्रासाठी विनियम करू शकतात, आणि त्या विनियमाने चालू असलेला जुना कायदाही बदलू शकतात. अगदी १९२७ चासुद्धा. 'करता येईल' असंच लिहिलंय, खरं आहे. पण करता येतं ते मागता येतं. इतकी वर्षं गावाने बसून कधी मागितलंच नाही, कारण असं काही आहे हे गावाला कुणी सांगितलं नाही.

तर असं ठरलंय. २६ जानेवारीला झेंडा झाला की उठून जायचं नाही. तिथेच गाव बसेल. ज्यांचे नांगर, कुऱ्हाडी, बैल नेले त्यांनी पावत्या आणायच्या. ज्यांना पावती दिलीच नाही त्यांनी तारीख आणि साक्षीदार सांगायचा. बायांची नावं वेगळी नाही, त्याच यादीत. शिकलेल्या पोरांनी राज्यपालांच्या नावाने अर्ज लिहायचा, पाचव्या परिच्छेदाचा उल्लेख करून, आणि मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. दोन प्रती करा. एक गावात राहील. बाबांची पावती पहिली लावू.