पहिला कॅमेरा घेताना



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, शेतीवर आणि राज्यकारभारावर विद्वानांनी बोलावे, तेथून आम्ही कॅमेऱ्याच्या खरेदीवर बोलावे, यात थोडा विनोद आहे हे आम्ही जाणतो. परंतु गेली काही वर्षे आमच्याकडे येणारी तरुण मंडळी एकच प्रश्न विचारतात, "सर, बॉडी कोणती घेऊ जी?" कुणी धान विकून आलेल्या पैशातला वाटा बापाकडून मागून घेतलेला असतो, कुणी शिकवण्या करून रुपये साठवलेले असतात. तो पैसा चुकीच्या जागी पडला की पुन्हा उभा राहायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून हा विषय आम्ही आज जाहीरपणे मांडत आहोत.

आधी आमचीच फजिती सांगतो. पहिला कॅमेरा घेताना दुकानदाराच्या भरीला पडून आम्ही जवळजवळ सगळे पैसे बॉडीवर, म्हणजे त्या काळ्या पेटीवर, खर्च केले. लेन्स पेटीबरोबर आली तीच, अठरा ते पंचावन्न एमएमची. दुसऱ्याच रविवारी परसवाड्याच्या तलावावर गेलो. पलीकडे सारसांची जोडी चरत होती. भराभर चाळीस-पन्नास छायाचित्रे काढली आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने सर्वांना दाखवली. घरातल्या एका लहान मुलाने विचारले, "यात सारस कुठे आहे?"

याचे गणित अगदी सोपे आहे. आपल्या आटोक्यातल्या कॅमेऱ्यांतला संवेदक, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो तुकडा, सुमारे पंधरा मिलिमीटर उंच असतो. सारस पाच फूट उंच धरा, अंतर शंभर मीटर धरा. पंचावन्न एमएमच्या लेन्सने त्याची प्रतिमा एक मिलिमीटरही भरत नाही. चार बाय सहा इंचांच्या छापील चित्रात असा सारस साधारण साडेपाच मिलिमीटरचा येतो. आपण गोंदियाचे लोक. साडेपाच मिलिमीटर म्हणजे काय ते आपल्याला मोजपट्टीवाचून कळते. तो तांदळाचा एक दाणा! हीच लेन्स अडीचशे एमएमची असती तर सारस एक इंच उंच दिसला असता. पेटी कितीही भारी घेतली असती तरी या हिशोबात फरक पडला नसता.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ठरलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग लेन्सवर जावा आणि उरलेल्यात जी पेटी बसेल ती घ्यावी. हे ऐकून तरुण मंडळी नाराज होतात, कारण मित्रांत मिरवायची असते ती पेटी.

आता ही डीएसएलआर म्हणजे काय वस्तू आहे? लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरप्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटन दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि तोच प्रकाश संवेदकावर पडतो. 'खटॅक' असा जो आवाज येतो तो आरशाचा. डोळ्याला दिसते ते प्रत्यक्ष दृश्य असते, विजेवर चालणारा पडदा नव्हे, म्हणून बॅटरी फार पुरते. निकॉनच्या डी३५०० या साध्या कॅमेऱ्याची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका भरणीत १५५० चित्रे काढते. बिनआरशाचे तेवढ्याच किमतीतले कॅमेरे बहुधा तीन-चारशेवर थांबतात. पहाटेपासून तलावाच्या पाळीवर बसणाऱ्याला हा फरक जाणवतो.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे सगळे लक्ष आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांची घराणी हळूहळू मिटत चालली आहेत. मग मावळत्या वस्तूत पैसा का घालावा, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे, की हौशी श्रीमंत मंडळी नव्या कॅमेऱ्यांकडे गेली, म्हणूनच त्यांचे चांगले जुने कॅमेरे आणि लेन्स आज बेताच्या पैशात मिळतात. शिवाय कॅननच्या जुन्या लेन्स आणि निकॉनच्या स्वतःची मोटर असलेल्या लेन्स मधला जोड लावून त्यांच्याच नव्या कॅमेऱ्यांवर चालतात. पेटी जुनी होईल. काच पुढे कामास येईल.

घ्यावे काय? कॅननचा १५००डी किंवा २००डी, निकॉनचा डी३५०० किंवा डी५६००, यांतला कोणताही पुष्कळ झाला. या सर्वांत दोन कोटींहून अधिक ठिपक्यांचा संवेदक आहे. कॅननचा ३०००डी मात्र आम्ही टाळू. त्यात लेन्स बसण्याची कडी धातूची नसून प्लॅस्टिकची आहे, आणि लेन्स वारंवार बदलणाराला ती कडी महत्त्वाची. निकॉनच्या बाबतीत एक खोच ध्यानात ठेवा. डी३५०० आणि डी५६०० यांच्या पेटीत फोकस फिरवणारी मोटर नाही. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्त दिसली म्हणून उचलली तर फोकस आयुष्यभर हाताने फिरवावा लागेल. उलट नवी 'एएफ-पी' लेन्स डी३१०० सारख्या जुन्या पेटीवर आपोआप फोकस घेत नाही. कॅननच्या 'ईएफ' लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात असते, त्यामुळे हा घोळ तेथे नाही.

दोन लेन्स पुरेत. पहिली पंचावन्न ते अडीचशे एमएमची, किंवा निकॉनची सत्तर ते तीनशेची. घेताना हात स्थिर करणारी सोय तीत आहे ना, एवढे पाहा. तरीही अडीचशे एमएमवर पडदा सेकंदाच्या चारशेव्या भागापेक्षा हळू चालू देऊ नये. ती सोय आपला हात सावरते, पण सारसाने मान हलवली तर तिला काय करता येणार? सहाशे एमएमच्या लेन्सचे मोठे नाव ऐकू येते. तिने शंभर मीटरवरचा सारस चौकटीचा तीनपंचमांश भाग भरतो हे खरे, पण ती दोन किलोच्या घरात भरते आणि तिच्या पैशात दोन कॅमेरे येतात. पहिल्याच खरेदीत तिच्या वाटेस जाऊ नये.

दुसरी लेन्स पन्नास एमएमची, एक-पूर्णांक-आठ तोंडाची. कंपन्यांच्या यादीत ही बहुधा सर्वांत स्वस्त असते आणि तिचे गुण मात्र थोरामोठ्यांचे. हा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे. लांबच्या लेन्सचे तोंड पाच-पूर्णांक-सहापर्यंत आकसते; त्या मानाने ही लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. याचा उपयोग कुठे? दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते आणि रात्र रात्र झाडीपट्टीची नाटके चालतात. मंडपातल्या त्या पिवळ्या उजेडात मोबाइल चेहऱ्याचा लगदा करतो आणि लांबची लेन्स अंधार. पन्नास एमएमची लेन्स घेऊन रंगमंचापासून दहा मीटरवर बसा. उभा नट चौकटीची निम्मी उंची भरतो आणि त्याच्या डोळ्यांतले पाणीही दिसते. आमच्या मते आपल्या भागात सारसांइतकेच हे नटही टिपून ठेवण्याजोगे आहेत, पण त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत.

लांबच्या लेन्सचा आग्रह आम्ही धरतो त्याला आणखी एक कारण आहे. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो. महाराष्ट्रात तो आज मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या टापूत उरला आहे, आणि जो उरला तो शेतकऱ्याने बांधीतले घरटे सांभाळले म्हणून. ज्याच्या हातात पंचावन्न एमएमची लेन्स आहे त्याला मोठे चित्र हवे असेल तर चिखल तुडवीत पुढे जावे लागते. जोडी उठते, अंडी उघडी पडतात, वर कावळे असतातच. धान तुडवले गेले म्हणून शेतकरी रागावतो ते वेगळेच. अशा रीतीने वाचवलेले हजार-दोन हजार रुपये कोणाच्या पदरात जातात याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

जुना कॅमेरा घ्यायला नागपुरास जाल तेव्हा खिशात एक विजेरी आणि एक कोरे कार्ड न्या. लेन्स पेटीवरून काढून एका बाजूने विजेरी लावा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी; किंमत निम्मी सांगितली तरी परत द्या. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका. मग आपल्या कार्डावर चित्र काढून घरी आणा. निकॉनच्या मूळ चित्रात पडदा आजवर किती वेळा उघडला तो आकडा नोंदलेला असतो. साध्या कॅमेऱ्यांचा पडदा एक लाखाच्या हिशोबाने घडवलेला असतो. वीस-तीस हजार झाले असतील तर निर्धास्त घ्या. कॅननमध्ये हा आकडा सहजी सापडत नाही, तेथे लग्नसराईत राबलेला कॅमेरा ओळखायची खूण म्हणजे पकडीवरचे गुळगुळीत झालेले रबर.

ही बुरशी आपल्या पावसाळ्यात घरीही धरते. कपाटात कपड्यांशेजारी किंवा चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतात. कुणीतरी आम्हांस सांगितले, की तांदळाच्या डब्यात ठेवला तर ओल धरत नाही. गावाच्या अभिमानापोटी आम्ही तोही प्रयोग केला. ओलीचे काय झाले ते कळले नाही, पण कोंड्याची बारीक पूड लेन्सच्या कडीत अशी जाऊन बसली, की ती काढायला मृगापासून पोळ्यापर्यंत वेळ लागला.